कोऱ्या पानाचे भय

यंदा इंग्रजीच्या सरांनी आमच्या वर्गाला 'जोन रिव्हर्स : अ पीस ऑफ वर्क' हा २०१० सालचा अमेरिकन अनुबोधपट दाखविला. रिकी स्टर्न आणि अ‍ॅन संडबर्ग या दोघींनी तो दिग्दर्शित केला आहे. त्यातील इंग्रजी फार भरभर. म्हणून सर मध्येच थांबवून अर्थ सांगत. विनोद समजावून सांगितला की त्याची गंमत जाते, तसे झालेही. पण विनोदामागची मेहनत मात्र मला पुरती कळली. तिच्याविषयीच लिहितो.

पहिल्याच दृश्यात कॅमेरा जोनबाईंच्या चेहऱ्याला अगदी भिडतो. रंग लावलेला नसतो. कातडी, पापण्या, ओठ सुटे सुटे दिसतात. मग एकेक थर चढत जातो आणि जगाला ठाऊक असलेल्या जोन रिव्हर्स तयार होतात. व्यक्तिचित्राची याहून प्रामाणिक सुरुवात मला सुचत नाही.

ब्रुकलिनमध्ये १९३३ साली जन्मलेल्या बाईंनी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. १९६५ मध्ये त्या जॉनी कार्सन यांच्या 'टुनाइट शो'त आल्या आणि नाव झाले. १९८६ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. कार्सन त्यांच्याशी पुन्हा कधीच बोलले नाहीत. १९८७ मध्ये तो कार्यक्रमही हातचा गेला आणि त्याच वर्षी पतीने आत्महत्या केली.

एका प्रसंगी त्या कामाच्या तारखांची वही उघडून दाखवितात. कोऱ्या पानाचे त्यांना भय वाटते. माझी आई रोजंदारीवर जाते. मुकादमाचा निरोप आला नाही की ती दिवसभर उंबऱ्याशी बसते, कोणाशी बोलत नाही. बाईंचे घर राजवाड्यासारखे, आमचे पत्र्याचे. तरी ते तोंड मी ओळखले.

आणि ते विनोदांचे कपाट! लहान लहान खण, त्यांत वर्षानुवर्षांचे विनोद कार्डांवर टंकलिखित करून विषयवार लावलेले. ग्रंथालयातील जुन्या सूचीच्या पेटीसारखे. हजरजबाबीपणा ही जन्मजात देणगी असते असे मी समजत होतो. ते कपाट पाहून हा समज गेला.

विस्कॉन्सिनमधल्या प्रयोगात त्या हेलन केलरवर विनोद करतात. एक प्रेक्षक ओरडतो, ज्याचा मुलगा बहिरा आहे त्याला यात हसू येत नाही. बाई भडकतात, आपली आई बहिरी होती, असे त्याला सुनावतात आणि विनोदाने सगळ्यावरच हसवायचे असते म्हणून भांडतात. पुढच्या क्षणी प्रयोग चालू. आत गेल्यावर मात्र त्या माणसाबद्दल त्यांना वाईट वाटते. दिग्दर्शिकांनी हे सारे तसेच ठेवले, कोणाची बाजू घेतली नाही.

जोनबाई २०१४ मध्ये वारल्या. त्या प्रसंगावरून आमच्या वर्गात तासभर वाद झाला. बहुतेकांना बाईंचे म्हणणे पटले. मी त्या बापाच्या बाजूने बोललो, आणि अजून त्याच बाजूला आहे.