'चिप अँड डेल' पुन्हा खेळायचंय? खिशाला किती लागेल

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीगेम होता, त्यांना त्या दोन खारी आठवतील. खोकी उचलायची, समोरच्यावर फेकायची आणि संधी मिळाली की शेजारी बसलेल्या भावालाच उचलून खड्ड्यात टाकायचं. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा हा गेम 1990 सालचा. तो दोघांना एकाच वेळी खेळता येतो, म्हणून दोन जॉयस्टिक धरूनच हिशेब करा.

सगळ्यात स्वस्त वाट कॅसेटवाल्या सेटची. बीडला सुभाष रोडवर किंवा अंबाजोगाई, परळीच्या बाजारात खेळण्यांच्या आणि मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानांत चौकशी करा. दोन जॉयस्टिकसह साधारण 700 ते 1,500 रुपये धरून चला. कॅसेट वेगळी घेतली तर 150 ते 400. खोक्यावर '9999 इन 1' छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तेच पाच-पंचवीस गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा येतात आणि नेमका 'चिप अँड डेल' नसतो. दुकानातच सेट लावून, गेम उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. हेही लक्षात असू द्या की या कॅसेटवरचे गेम बहुतेक विनापरवाना नकला असतात.

सोबतच्या बंदुकीसाठी जादा पैसे मुळीच देऊ नका. ती जुन्या डबा टीव्हीवरच चालते, एलईडी टीव्हीवर नेम लागत नाही. कितीतरी पालक पोराच्या हट्टापायी बंदुकीचाच सेट नेतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी भांडतात.

खरा छुपा खर्च टीव्हीचा. सेटची वायर पिवळ्या-पांढऱ्या पिनांची, आणि नव्या टीव्हीला बऱ्याचदा ती भोकंच नसतात. एव्हीवरून एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर 300 ते 500 रुपयांना पडतो. घरून निघताना टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्या, एक हेलपाटा वाचेल.

दुसरी अडचण लाइटची. या गेममध्ये खेळ जपून ठेवायची सोय नाही. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. ज्यांच्या गावाला भारनियमनाचा त्रास आहे त्यांना हातात धरायचा बॅटरीवरचा गेम बरा, 400 ते 800 रुपयांत मिळतो. त्यातल्या अनेकांत जुन्या नोकियाची बीएल-5सी बॅटरी बसते, ती मोबाइलच्या दुकानात शे-दोनशेत मिळते. मात्र पडदा तळहाताएवढा आणि खेळणारा मुख्यतः एकच. एचडीएमआयला लावायची गेम स्टिक 1,500 ते 3,000 रुपयांची. तिच्या खोक्यावरचे गेमचे आकडेही तसेच फुगवलेले.

सरळ परवान्याचा माल हवा असेल तर कॅपकॉमने 2017 मध्ये काढलेला 'डिस्ने आफ्टरनून कलेक्शन' पाहा. त्यात 'चिप अँड डेल'चे दोन्ही भाग धरून सहा गेम आहेत आणि खेळ जपूनही ठेवता येतो. घरी संगणक असेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून यूपीआयने घेता येतो. सेल लागेपर्यंत थांबा, किंमत बरीच उतरते. 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. खारीच पाहिजेत असा हट्ट नसेल, तर सेगाचा 1991 चा 'सोनिक' मोबाइलवर जाहिरातींसह फुकट खेळायला देण्यात आला होता. प्ले स्टोअरवर शोधून पाहा.

कोणताही सेट घेताना ॲडॉप्टर हातात घेऊन बघा. व्हिडिओ गेमला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. 'आर'ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असला पाहिजे आणि तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी हवी. स्वस्त ॲडॉप्टर तापतो, तेव्हा पोरं खेळत असताना तो अंथरुणावर ठेवू नका.

पक्कं बिल मागाच. दुकानदार 'गॅरंटी नाही' म्हणाला तरी बिल सोडू नका. सेट बंद पडला आणि दुकानदार दाद देईना, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथंही काम झालं नाही तर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथं शुल्क लागत नाही.