डबल बेसचा पहिला गज

शाळेच्या वाद्यवृंदांत एकाद्या विद्यार्थ्याची योजना डबल बेसवर झाली, म्हणजे त्याच्या घरीं प्रथम चिंता उत्पन्न होते ती त्या पुरुषभर उंचीच्या वाद्याची. वास्तविक वाद्य बहुधा शाळेचें असतें, किंवा भाड्यानें मिळूं शकतें. गज मात्र ज्याचा त्यानें घ्यावा हें बरें. आणि नेमक्या ह्याच खरेदींत पालकांचा पैसा व मुलाचा उत्साह असे दोन्ही वायां गेलेले आम्हीं अनेकदां पाहिले आहेत. बाजारांत ज्यास 'बो' म्हणतात, त्यास आपल्या सारंगीवाल्यांचें गज हें नांव आहे. तेंच आम्ही येथें योजितों.

कोणी म्हणेल, नृत्याच्या बँडमध्यें डबल बेस बोटांनींच छेडतात, मग गज हवाच कशाला? ह्याचें उत्तर असें कीं, छेडलेला स्वर लवकर विरतो आणि त्याबरोबर त्याचा खोटेपणाही लपतो. गजानें ओढलेला स्वर चार मात्रा टिकला, म्हणजे तो खरा कीं उतरलेला हें कानास कळल्यावांचून राहत नाहीं. ज्यास केवळ छेडूनच वाजवावयाचें आहे, त्यानेंही सरावापुरता गज हातीं घ्यावा असें आमचें मत आहे.

आतां गज करितो काय तें पाहूं. घोड्याच्या शेपटीच्या केसांस राळ लाविली म्हणजे ते तारेस धरून आपल्याबरोबर ओढूं लागतात. ताण वाढतां वाढतां तार निसटते, मागें जाते, आणि पुन्हां पकडली जाते. डबल बेसच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेवर ही धरपकड सेकंदास सुमारें ४१ वेळां होते. इतकी जाड तार हलविण्यास हलकी काठी पुरत नाहीं. व्हायोलिनचा गज सुमारें ६० ग्रॅम वजनाचा, चेलोचा ८० ग्रॅमांचा, तर डबल बेसचा साधारणतः १३० ते १५० ग्रॅमांचा असतो. लेच्यापेच्या गजांतून स्वराऐवजीं खरखर निघते. मूल तो दोष आपल्या हाताचा समजतें, अधिक जोरानें दाबतें, आणि खांदा व मनगट आंखडून घेतें. एकदां जडलेली ही खोड मोडणें शिक्षकास फार जड जातें, आणि कित्येक मुलें त्याआधींच वाद्य सोडून देतात.

दुकानांत पाऊल ठेवण्यापूर्वीं एक गोष्ट ठरली पाहिजे, ती ही कीं, गज फ्रेंच घ्यावयाचा कीं जर्मन. फ्रेंच गज चेलोप्रमाणें पंजा पालथा ठेवून वरून धरितात. गजाच्या मुठीशीं केस ताणून धरणारा जो सरकता ठोकळा असतो (त्यास 'फ्रॉग', म्हणजे बेडूक, असें चमत्कारिक नांव आहे), तो जर्मन गजास बराच उंच असतो, व तो गज हात खालच्या बाजूनें घालून धरितात. ज्यांनीं सारंगियाचा उजवा हात जवळून पाहिला आहे, त्यांस ही दुसरी पकड अगदींच परकी वाटणार नाहीं. जुन्या युरोपांत व्हायोल नांवाचीं वाद्यें अशीच खालून गज धरून वाजवीत. जर्मन पकड त्याच घराण्यांतली. व्हेनिसचा दोमेनिको द्रागोनेत्ती (१७६३-१८४६) खालून धरी, त्याच्यामागून आलेला जोव्हान्नी बोत्तेसिनी (१८२१-१८८९) वरून धरी, आणि दोघेही आपापल्या काळीं ह्या वाद्याचे अग्रगण्य वादक गणले गेले. तेव्हां कोणती पकड श्रेष्ठ हा वाद निष्फळ आहे. शिक्षक जी पकड शिकवितो तीच विद्यार्थ्यानें धरावी. मात्र एका जातीचा गज दुसऱ्या पकडीस नीट चालत नाहीं. म्हणून केवळ स्वस्त मिळाला एवढ्यावरून भलत्या जातीचा गज घरीं आणणें हें शुद्ध नुकसान होय.

दांडीच्या लांकडाविषयीं लोकांत फार भ्रम आहेत. पॅरिसच्या फ्रांस्वा झाव्हिए तुर्त (१७४७-१८३५) ह्या कारागिरानें व्हायोलिनच्या गजास आजचें रूप दिलें. तेव्हांपासून उत्तम गज ब्राझीलच्या किनाऱ्याकडील पर्नांबुको लांकडाचे होत आले. तीं झाडें अतोनात तुटल्यामुळें २००७ सालीं त्या लांकडाचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या बंधनाखालीं आला. पहिल्या गजासाठीं तें आपल्या ऐपतीचें नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. 'ब्राझीलवुड' ह्या नांवानें जे स्वस्त गज विकतात, त्यांत नाना जातींचीं लांकडें खपून जातात. कांहीं ठीक निघतात, कांहीं पावसाळा लागतांच वांकतात. त्याच किंवा थोड्या अधिक किंमतींत कार्बन तंतूंचा गज मिळत असेल, तर आम्ही तोच घ्यावयास सांगूं. दिसावयास तो रुक्ष असतो खरा, परंतु दमट हवेनें वांकत नाहीं, आणि वर्गाच्या दारांत आपटला तरी बहुधा शाबूत राहतो. तेवढी ऐपत नसेल तर फायबरग्लासचा घ्यावा. तो किंचित् सुस्त चालतो. तरी वांकड्या लांकडापेक्षां बरा. वाद्याबरोबर फुकट दिलेल्या गजावर मात्र विसंबूं नये.

गज पारखतांना आधीं केस सैल करून दांडी डोळ्याशीं धरावी आणि फ्रॉगपासून टोंकापर्यंत नजर टाकावी. ती डावी-उजवीकडे मुळींच वळलेली असूं नये. मधला भाग केसांच्या बाजूस झुकलेला असतो, तो दोष नव्हे. त्या बांकांतच गजाचा जोर आहे. मग स्क्रू फिरवून वाजविण्यापुरते केस ताणावे. एवढ्यानें बांक नाहींसा होऊन दांडी सरळ झाली, तर गज दुबळा समजावा. स्क्रू अडखळूं नये, फ्रॉग बोटांत डुगडुगूं नये. नंतर खालच्या जाड तारेवर गज सावकाश, या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ओढून पाहावा. तो मध्येंच थरथरतो किंवा उड्या मारतो काय? टोंकाशीं आवाज अगदींच मरतो काय? एकच गज पाहून ह्या गोष्टी कळत नाहींत. दोन-तीन शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे नवख्या मुलालाही फरक कळतो. दुकानदार शिक्षकास दाखविण्यापुरता गज आठवडाभर देत असेल, तर त्याच दुकानांत जावें. झिजलेले केस पुढें बदलून कोण देईल, हेंही तेथेंच विचारून ठेवावें. दूरदेशाहून मागविलेल्या गजाची ही अडचण मागाहून ध्यानांत येते.

केस पांढरे असोत कीं काळे, आरंभीं दोन्ही चालतात. काळे जरा राठ असल्यामुळें तार अधिक पकडतात. मात्र ते खऱ्या घोड्याचे असावेत, कृत्रिम धाग्यांचे नसावेत. दमट हवेंत केस लांबतात व कोरड्या हवेंत आखडतात. पावसाळ्यांत ताणून ठेविलेला गज हिंवाळ्यांत आपोआप अधिक ताणला जातो, आणि लांकडी असेल तर त्याची दांडीही बिघडते. म्हणून वाजविणें संपतांच स्क्रू सैल करावा. सुटींत गज महिनोन्‌महिने पेटींत कोंडूं नये, कारण अंधारांत बारीक किडे केस कुरतडतात.

राळ व्हायोलिनची चालत नाहीं. डबल बेसची राळ मुद्दाम मऊ व चिकट केलेली असते. पॉप्स नांवाची अमेरिकन राळ फार मऊ. आमच्या उन्हाळ्यास स्वीडनची कार्लसन, जी तिच्याहून कठीण आहे, अधिक सोयीची पडते. कोणतीही घेतली तरी एप्रिल-मे महिन्यांत ती उन्हांत अथवा बंद मोटारींत ठेवूं नये, व डबी नेहमीं उभी ठेवावी. आडवी राहिली तर ती वितळून सगळ्या पेटीभर पसरते.