फाडफाड इंग्रजीची फी भरण्याआधी

‘व्याकरण सोडा, बिनधास्त बोलत सुटा. लहान मूल काय व्याकरण शिकून बोलतं?’ पुण्यातल्या आमच्या स्पोकन इंग्लिशच्या सरांनी हे इतक्यांदा ऐकवलं की वर्गात कुणाला शंका विचारायची सोयच उरली नाही. लहान मूल वर्षानुवर्षं, दिवसभर तीच भाषा ऐकत असतं. परभणी जिल्ह्यातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीच्या कानावर इंग्रजी पडतं ते तासाभरापुरतं, तेही तिच्यासारख्याच अडखळणाऱ्या मुलांच्या तोंडून. हा फरक सरांना कळत नव्हता असं मला वाटत नाही. व्याकरण शिकवायचं तर वह्या तपासाव्या लागतात. फी आगाऊ घेतलेली असताना ते कष्ट कोण घेणार?

मी एकही तास बुडवला नाही. स्वतःची ओळख, छंद, गुण, उणिवा, सगळं घोटून पाठ केलं आणि कॅम्पस मुलाखतीत न अडखळता म्हणून दाखवलं. त्याआधी एक लेखी चाचणी झाली होती. ग्राहकाचा माल उशिरा पोहोचला आहे, दिलगिरीची ई-मेल लिहा. माझं म्हणून झाल्यावर पॅनेलवरच्या बाईंनी तो कागद माझ्यासमोर सरकवला. ‘वी हॅव सेंट युवर ऑर्डर यस्टरडे.’ ‘वी आर सर्व्हिंग यू सिन्स फाइव्ह इयर्स.’ ‘अवर मॅनेजर हॅव टोल्ड टू मी.’ प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची रेघ. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, ‘आत्ता बोललात ते पाठ केलं होतं का?’ मला उत्तर देता आलं नाही. इतके महिने माझ्याकडून फक्त एक भाषण पाठ करून घेतलं होतं, हे त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला लख्ख कळलं.

क्लासमध्ये जाऊन विचारलं, तर सर म्हणाले, ‘तुझ्यात कॉन्फिडन्सच नाही, त्याला क्लास काय करणार?’ फी परत मागितली तेव्हा ‘ॲडव्हान्स बॅच’ निम्म्या दरात देऊ केली. वर नव्या मुलांसमोर म्हणाले, ‘गावाकडच्या मुलांचं असंच होतं.’ हे मी विसरलेले नाही.

पुढे मी जे शिकले ते वाचून आणि लिहून. रेमंड मर्फी यांचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ घ्या, निळ्या कव्हरचं. पाया फारच कच्चा असेल तर त्यांचंच लाल कव्हरचं, त्याहून सोपं पुस्तक आहे. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर सराव, उत्तरं मागे, शिक्षकावाचून चालतं. पहिल्या पानापासून ओळीने सोडवत बसू नका. आपण मराठी मुलं ठरावीक जागी अडतो. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ हा प्रकार मराठीत नाहीच, म्हणून तो गळतो. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’, ‘ही’ आणि ‘शी’नंतर क्रियापदाला लागणारा ‘एस’, ‘यस्टरडे’ असताना घुसणारा ‘हॅव’. आधी ही प्रकरणं काढा. उत्तरं पुस्तकात न लिहिता वहीत लिहा, कारण पंधरा दिवसांनी तेच पान पुन्हा कोरं सोडवायचं आहे. चुकलेलं वाक्य पूर्ण लिहा आणि त्याच नियमावर आपल्या घरातली, कॉलेजातली वाक्यं करा.

वाचनाबद्दल जो तो सांगतो, इंग्रजी अग्रलेख वाचा. नवख्या मुलांना हा सल्ला देऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्यातले संदर्भच माहीत नसतात, मग दोन परिच्छेदांत पेपर खाली ठेवला जातो. त्याऐवजी सकाळी मराठीत वाचलेली बातमी इंग्रजी पेपरात शोधा. मजकूर आधीच ठाऊक असल्याने सगळं लक्ष वाक्याकडे जातं. सुधा मूर्तींचं ‘वाइज अँड अदरवाइज’ इंग्रजीत सोपं आहे आणि लीना सोहोनी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवादही मिळतो. अडलं तर ताडून पाहता येतं. मग आर. के. नारायण यांचं 1935 सालचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’. पानामागे आठ-दहा शब्द अडत असतील तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवा.

एक पान वाचून पुस्तक मिटा, तोच प्रसंग आपल्या शब्दांत इंग्रजीत लिहा आणि छापील पानाशी पडताळा. कुठे ‘द’ गळला, कुठे काळ बदलला, ते समोर दिसतं. माझं लेखन सुधारलं ते मुख्यतः यानेच. बाकी रोज थोडं मोठ्याने वाचावं, सातत्य ठेवावं, चुकायला लाजू नये.

तरीही क्लास लावायचाच असेल, तर आधी जुन्या विद्यार्थ्याची तपासलेली वही दाखवा म्हणावं. ती नसेल तर जिना उतरा. हमी दिली तर लेखी घ्या, जाहिरातीचा फोटो जपून ठेवा, पावतीवर कोर्सचं नाव आणि मुदत लिहून घ्या. फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. माझ्या पावतीवर नुसतं ‘रजिस्ट्रेशन चार्जेस’ लिहिलं होतं, आणि तेवढ्याच जोरावर सरांनी हात वर केले.