रेशमाचा भाव कोठे ठरतो?

जालना जिल्ह्यात कापूस व मोसंबी यांच्या जोडीला आता तुतीची लागवडही होते. रेशीम कोषांचा भाव मात्र कधी चढतो, कधी एकाएकी उतरतो, आणि त्याचे कारण गावात शोधून सापडत नाही. त्यासाठी हा धंदा देशोदेशी कसा फिरला ते पाहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्स व इटलीतील रेशीम किडे पेब्रीन रोगाने मरू लागले. लुई पाश्चर यांनी १८६५ पासून अभ्यास करून निरोगी अंडी निवडण्याची रीत घालून दिली; परंतु तोवर तेथील व्यापारी जपानकडे वळले होते. योकोहामा बंदर १८५९ मध्ये खुले झालेच होते. पुढे जपान कच्च्या रेशमाचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार झाला. मग तेथे कारखाने वाढले, मजुरी महागली, आणि १९७० नंतरच्या दशकात चीन पुढे गेला. त्या देशातही कारखानदारीच्या झेजियांग व जिआंगसू प्रांतांतून हा धंदा ग्वांगशीकडे सरकला आहे. पाला तोडणे, तो वेळेवर घालणे, कोष वेचणे ही सारी हाताची कामे. मजुरीचा दर वाढला की किडा तेथून हलतो!

रेशीम उत्पादनात भारताचा क्रमांक दुसरा आहे, तरी आपल्या विणकरांना चिनी रेशीमही लागते. २०११ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात कच्च्या रेशमावरील आयातशुल्क शेकडा ३० वरून ५ वर आले, आणि त्याच वर्षी कर्नाटकातील रामनगरच्या बाजारात कोषांचे भाव कोसळले. २०१३ मध्ये शुल्क शेकडा १५ करण्यात आले. मराठवाड्यातील शेतकरी त्या काळी कोष घेऊन रामनगरलाच जात. २०१८ मध्ये जालना येथे कोष बाजार सुरू झाल्यापासून ही पायपीट वाचली. भाव मात्र अजूनही दूरच्या बाजारांशी बांधलेला आहे.

तेव्हा शेतकरी बंधूंनी आपल्या हाती असलेल्या गोष्टींकडे लक्ष द्यावे. अंडीपुंज रोगमुक्त असल्याची खात्री करून घ्यावी व प्रत्येक पिकापूर्वी संगोपनगृह निर्जंतुक करावे. मोठ्या अळ्यांना पाने खुडून घालण्यापेक्षा फांद्या कापून घातल्यास मजुरी वाचते. तुती एकदा लावली की अनेक वर्षे शेत अडवून ठेवते. म्हणून सर्व जमीन एकदम तिच्याखाली आणू नये. गावोगावच्या कार्यकर्त्यांनीही सभेत केवळ चढा भाव सांगू नये. वर्षातील सर्वांत उतरता भावही फळ्यावर लिहावा, आणि त्या भावात मजुरीचा खर्च निघतो की नाही, याचा हिशेब सर्वांसमक्ष मांडावा.