मॉन्स्टेराचे बूड का कुजते?

प्रश्न : चार फुटी पॅलुडेरियममध्ये मागच्या बाजूला मॉन्स्टेरा डेलिसिओसा लावला आहे. खालच्या पाण्यात गप्पी मासे आहेत. पाने पिवळी पडून खोड बुडाशी मऊ होत आहे. काय करावे?

उत्तर : ही मूळकुज आहे. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिको ते पनामाच्या जंगलातला वेल. तिथे तो झाडांवर चढतो आणि हवेतून मुळे खाली सोडतो. खोड सतत पाण्यात बुडालेले त्याला सोसत नाही. कुंडीतली माती धुऊन टाकावी, काळी, पिचपिचीत मुळे स्वच्छ कात्रीने छाटावीत आणि खोड पाण्याच्या पातळीच्या वर, कॉर्कच्या सालीवर बांधावे. निरोगी हवाई मुळे मात्र खुशाल पाण्यात उतरू द्यावीत. पाण्यात शिरताच त्यांना बारीक, पांढऱ्या उपमुळांची झालर फुटते आणि माशांच्या विष्ठेतून बनणारे नायट्रेट ती शोषून घेते.

तरीही एक इशारा द्यायलाच हवा. जंगलात याचे एकेक पान जवळपास मीटरभर वाढते, त्यामुळे शेंडा सतत खुडावा लागेल. एवढी निगा जमणार नसेल तर स्पॅथिफायलम बरा. ओल्या मुळांची त्याला सवय असते.

दोन्हींच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोचरे स्फटिक असतात. छाटताना हातमोजे घालावेत.