भिशी, भागीदारी आणि कागद

आमच्या खर्डीत भिशीला कागद लागत नाही. दरमहा सारखी रक्कम टाकायची, पाळीपाळीने उचलायची, की हिशेब मिटला. पण हीच मंडळी पैसे एकत्र करून शेअर्सच्या खरेदी-विक्रीचा धंदा करू लागली, नफा वाटून घेऊ लागली, की ती भागीदारी होते. मग ती तोंडी का ठरलेली असेना. करार जिथे गप्प, तिथे १९३२ चा भागीदारी कायदा बोलतो. कलम १३ प्रमाणे नफा-तोटा समान! एकाने पाच हजार घातले, दुसऱ्याने पाचशे, तरीही. कलम ४२ प्रमाणे एक भागीदार वारला की पेढी विसर्जित.

माझ्या वडिलांनी भातखरेदीत अशीच तोंडी भागी केली होती. भांडवल त्यांचे अधिक, वाटणी मात्र निम्मी. नोंदणी नसेल तर कलम ६९ मुळे चालू पेढीतील हक्कासाठी सहकाऱ्यावर दावाही लावता येत नाही. महाराष्ट्राने १९८४ साली मोडलेल्या पेढीचा हिशेब मागण्याची वाटही बहुतांशी बंद केली होती. ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

आता आळीतल्या आठ जणी असे मंडळ काढणार आहेत. मसुदा मी लिहितो आहे. बाहेर पडणारीचा हिस्सा कोणत्या दिवसाच्या भावाने द्यायचा, या कलमावर सध्या आमचे घोडे अडले आहे.