अंगावर पाजणे : सोपे की अवघड?



"गाईला कोणी शिकवलं वासराला पाजायला? मग बाईले काय शिकवाचं?" असे आपल्याकडे म्हणतात. ऐकायला हे बरोबर वाटते. पण नुकत्याच बाळंत झालेल्या पहिलटकरणीला एकदा जवळ बसून विचारा. ती सांगेल की पहिला आठवडा तिला बाळंतपणापेक्षाही जड गेला.

तुमसर तालुक्यातले बपेरा घ्या. मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे, धानाच्या शेतीचे गाव. तिथले किंवा सिहोरा भागातल्या कोणत्याही गावातले एक घर डोळ्यांपुढे आणा. सून तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आली आहे. लेकरू रात्रभर रडते आहे. सकाळी आशाताई दारात येताच सासू म्हणते, "बाई, हिले दूधच नाही येऊन राह्यलं. लेकराचा गळा सुकला. गाईचं दूध पाणी घालून देऊ काय?" सून मान खाली घालून बसली आहे. तिची बोंडे चिरली आहेत, बाळ तोंड लावते तेव्हा डोळ्यांत पाणी येते. पण सासूसमोर ती हे बोलत नाही.

या घरात कोणीच वाईट नाही. सासूला नातवाची काळजी आहे, सुनेला दुखते आहे, बाळाला भूक आहे. परंतु या सकाळी जे ठरेल त्यावर बाळाचे पुढचे सहा महिने अवलंबून आहेत. इतकेच नव्हे, तर पुढचे बाळंतपण केव्हा येईल, हेही काही अंशी त्यावरच आहे. म्हणून ही माहिती कुटुंबनियोजनाच्या पत्रकात देत आहोत.

बाळाला येते, आईला शिकावे लागते

जन्मल्याबरोबर बाळाला पुसून आईच्या उघड्या पोटावर ठेवले, तर ते हळूहळू सरकत स्वतःच स्तनाकडे जाते व तोंड लावते. स्वीडनमधील तज्ज्ञांनी १९८७ साली हे नोंदवून प्रसिद्ध केले. पुढे महाराष्ट्रातही याच्या चित्रफिती दाखवून डॉक्टर-परिचारिकांना शिक्षण देण्यात आले. याला साधारण एक तास लागू शकतो. तेवढा वेळ बाळाला आईजवळ राहू द्यावे लागते, आणि नेमके तेच होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १०० पैकी सुमारे ८९ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे १०० पैकी सुमारे ४२ च होती. म्हणजे बाळंतीण दवाखान्यापर्यंत पोचली, पण दूध बाळापर्यंत वेळेवर पोचले नाही.

आता चिकाबद्दल. पहिल्या दोन-तीन दिवसांचे दूध घट्ट, पिवळसर व थोडेसेच असते. पुष्कळ ठिकाणी ते "जड पडते" म्हणून पिळून टाकीत, आजही कुठे कुठे टाकतात. गाईचा चीक आपण आवडीने खातो आणि लेकराच्या वाट्याचा चीक मातीत घालतो, हा कसला हिशेब? रोगांशी झगडणारी द्रव्ये त्यातच जास्त असतात. तो थोडा येतो म्हणून घाबरू नका. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी चमचाभरच पिते. त्याच्या पोटाचे माप तेवढेच असते. भरपूर दूध बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उतरते. आपल्या गोष्टीतली सून नेमक्या त्याच दिवसांत आहे. "दूधच नाही" हे म्हणणे बहुतेक वेळा "अजून दूध यायचे आहे" एवढेच असते.

या दिवसांत मध, गुळाचे पाणी, घुटी यांपैकी काहीही देऊ नये. मधातून क्वचित असा जंतू जातो की तान्ह्या बाळाला लुळेपणा येतो. शिवाय गोड चाटण मिळाले की बाळ कमी ओढते, बाळ कमी ओढले की दूध कमी बनते. दूध आधी बनून साठते आणि मग बाळ पिते, असे नाही. बाळ जितके पिते तितके ते बनते. गाईच्या दुधाची एक वाटी देणे म्हणजे उद्याचे आईचे तेवढे दूध स्वतःच्या हाताने कमी करणे होय.

दुखते कशामुळे?

बोंड चिरण्याचे कारण बहुधा एकच असते : बाळाच्या तोंडात फक्त बोंड जाते. असे झाले की आईला दुखते, बाळाला दूध मिळत नाही, ते रडते, आणि घरचे म्हणतात दूध नाही. हे दुरुस्त करायला औषध लागत नाही, जवळ बसून दाखवणारी बाई लागते.

आईने पाठीला आधार घेऊन आरामात बसावे. बाळाचे सारे अंग, फक्त मान नव्हे, आपल्याकडे वळवावे, पोटाला पोट लागले पाहिजे. बोंडाने त्याचा वरचा ओठ हलकेच शिवावा. त्याने जांभईसारखे मोठे तोंड उघडले की त्याला झटकन स्तनाकडे आणावे. आपण वाकून स्तन त्याच्या तोंडात कोंबू नये. नीट धरले असेल तर बोंडाभोवतीच्या काळ्या भागाचा बराचसा हिस्सा, विशेषतः खालचा, त्याच्या तोंडात जातो. हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो, आणि घोट गिळल्याचे दिसते. दुखतच राहिले तर बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवावे व पुन्हा लावावे. चार वेळा करावे लागले तरी चालेल. ओढून सोडवू नये. चिरलेल्या बोंडाला शेवटचे दोन थेंब दूध लावून वाळू द्यावे. साबण लावून घासू नये.

दूध उतरताना स्तन दगडासारखे घट्ट झाले तर पाजण्याआधी कोमट पाण्याचा शेक द्यावा, हाताने थोडे दूध काढून मऊ करावे आणि पाजावे. पाजणे थांबविले तर ठणका वाढतो. एखादा भाग लाल, गरम झाला आणि अंगात ताप भरला तर मात्र वाट पाहू नका, दवाखान्यात जा. औषध चालू असतानाही पाजणे बहुधा चालू ठेवता येते, ते डॉक्टर सांगतील.

पान्हा फुटण्याचा संबंध मनाशीही आहे. दुखणे, भीती, आणि "हिच्या अंगात काही नाही" असे सारखे कानावर पडणे, यांनी पान्हा अडतो. म्हणून सासूबाईंना आमची विनंती आहे, तीन दिवस तेवढे वाक्य बोलू नका. तिला पोटभर जेवू घाला. नुसत्या कोरड्या भातावर ठेवण्याचे पथ्य सोडा. वरण, भाजी, अंडे, जे घरात असेल ते द्या. मेथी-डिंकाचे लाडू खुशाल करा, पण दूध लाडवाने नाही, बाळाच्या ओढण्याने वाढते.

दूध पुरते की नाही, हे कसे ओळखावे?

रडण्यावरून नव्हे. बाळ ऊन, थंडी, ओले लंगोट, पोटातला वारा, साऱ्यासाठी रडते. लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी झाली, तर दूध पोटात जात आहे. पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन थोडे उतरते, ते सुमारे दोन आठवड्यांत भरून निघते. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे, रात्री तर नक्कीच, कारण दूध बनविणारा रस रात्री जास्त स्रवतो. आपल्या भंडाऱ्याच्या मे महिन्याच्या उन्हातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळे पाणी नको. आईच्या दुधात १०० भागांत सुमारे ८७ भाग पाणीच असते. पाणी आईने प्यावे.

बाळ सुस्त पडले, ओढेनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, वजन वाढेना, तर तो पाजण्याचा दोष समजून घरी बसू नका. कमी दिवसांच्या बाळांना ओढण्याची ताकद नसते. त्यांना आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे लागते, बाटलीने नाही. मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली ती अशाच बाळांसाठी. काही थोड्या मातांना खरोखरच दूध कमी येते. त्यात त्यांचा काही दोष नसतो.

घरी येऊन पाहणारे माणूस किती उपयोगी पडते, हे आपल्याच वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोली जिल्ह्यात दिसले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी देखभाल केली. पाजण्यास मदत हा त्यातला एक भाग होता. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी येतात, त्या याच वाटेने. त्या आल्या की नुसता चहा पाजून परत पाठवू नका. त्यांच्यासमोर बाळाला अंगावर घ्या आणि पाहायला सांगा.

रोवणीचे दिवस

खरी अडचण पुढे येते. जेठ-आषाढात बाळंत झालेली बाई रोवणीला लवकर चिखलात उतरते. मजुरी बुडवणे परवडत नाही. बाळ आजीजवळ, आई बांधीत, आणि मध्ये सहा-सात तास. तेथे बाटली घरात शिरते. त्यापेक्षा जाण्याआधी पाजावे, आणि स्वच्छ हात धुऊन दूध काढून, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात सावलीत ठेवावे. चार तासांच्या आत आजीने ते वाटी-चमच्याने पाजावे. दुपारी बाळाला बांधावर आणता आले तर सर्वांत उत्तम. नवरोबांनी हे एक काम करावे, त्यात कमीपणा नाही.

पाजणे आणि पाळणा लांबविणे

"अंगावर पाजते तोवर दिवस जात नाहीत," हे बायांचे जुने म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्यावर विसंबूनच पुष्कळ घरांत वर्षाच्या आत दुसरा पाळणा हलतो. १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे जगातील तज्ज्ञांनी एकत्र बसून हे अर्धे नेमके केले. बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे. आईची पाळी परत सुरू झालेली नसावी. आणि बाळ दिवस-रात्र केवळ अंगावरच असावे, दिवसा चार तास व रात्री सहा तासांहून मोठा खंड नसावा. तिन्ही गोष्टी असतील तर १०० पैकी दोनहून कमी बायांना दिवस जातात. एक जरी सुटली तरी भरवसा गेला. रोवणीचे सहा तास आले की तिसरी अट मोडते, हे ध्यानात घ्या. "अजून पाळीच नाही आली" याचाही आधार धरू नका, कारण बीज पाळीच्या आधी सुटते. पाळी न येताच दिवस राहू शकतात.

दुसरी खेप लवकर राहिली की पहिल्या लेकराचे दूध घाईने तोडले जाते आणि आईचे रक्त भरून यायला सवड राहत नाही. दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचे अंतर असावे.

साधनाने दूध आटते, ही भीती सर्वच साधनांना लागू नाही. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर बसविता येते, दुधावर काही परिणाम नाही. छाया गोळी पाजणाऱ्या आईला चालते. अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी. माला-एन मात्र पाजणाऱ्या आईने सहा महिने घेऊ नये, त्याने दूध कमी होऊ शकते. निरोधला कशाचीच आडकाठी नाही. कुटुंब पुरे झाले असेल तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी आहे, तिचा तर आईच्या दुधाशी दुरूनही संबंध नाही, तरी पुरुष मागे का सरतात, ते त्यांनाच ठाऊक.

सहा महिने झाले की बाळाला मऊ भात, वरण, कुस्करलेले केळे सुरू होते, आणि पाजणे दोन वर्षे व पुढेही चालू राहते. पण त्या दिवसापासून पाजण्याचा पाळणा लांबविण्याला आधार उरत नाही. तेव्हा घरात उष्टावणाची तारीख ठरली की त्याच्या आधल्या आठवड्यातच नवरा-बायको दोघांनी उपकेंद्रात जावे, आणि साधन ठरवूनच घरी यावे.